पास, नापास आणि दोन यत्ता एकदम: शाळा हे नेमकं कसं ठरवते?

एप्रिल उजाडला की पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर दोन वाक्यं हमखास फिरतात. एक, 'आठवीपर्यंत कुणालाच नापास करत नाहीत.' दुसरं, 'आता पाचवीलाच बोर्ड आलंय.' दोन्ही चुकीची आहेत, आणि दोन्हींवर विसंबून लोक निर्णय घेतात. मी शिक्षकी पेशातला माणूस. निकालाच्या आठवड्यात मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर पालक जे विचारतात, तेच प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवून दिली आहेत. बाकीच्या शाळांसाठी पुढे वेगळा प्रश्न आहे.

आठवीपर्यंत नापास करता येत नाही, हे खरं ना?

खरं होतं. शिक्षण हक्क कायदा २००९चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं कलम १६ तेव्हा सरळ सांगत होतं की प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला कोणत्याही वर्गात मागे ठेवायचं नाही आणि शाळेतून काढायचं नाही. २०१९ मध्ये संसदेने हे कलम बदललं. पाचवी आणि आठवी या दोन वर्गांच्या शेवटी नियमित परीक्षा घ्यायची, नापास झालेल्या मुलाला जादा शिकवायचं, निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा संधी द्यायची, आणि तरीही जमलं नाही तर मागे ठेवायचं की नाही ते त्या त्या राज्य सरकारने ठरवायचं, असं नवं कलम सांगतं. शाळेतून काढण्यावरची बंदी मात्र जशीच्या तशी राहिली.

महाराष्ट्राने मागे ठेवण्याचा पर्याय घेतला. २०२३च्या मे महिन्यात राज्याचे नियम बदलले, ७ डिसेंबर २०२३ रोजी परीक्षेच्या कार्यपद्धतीचा शासन निर्णय आला आणि २०२३-२४ पासून तो लागू झाला. तामिळनाडूने उलटी वाट धरली. तिथे आठवीपर्यंत मूल वर जातंच.

थोडक्यात, आपल्याकडे पहिली ते चौथी, सहावी आणि सातवीत नापास करता येत नाही. पाचवी आणि आठवीत करता येतं.

मग पहिली ते चौथी आणि सहावी-सातवीच्या प्रगतिपुस्तकातल्या श्रेणींना अर्थ काय?

अर्थ आहे, पण तो वर जाण्या-न जाण्याशी जोडलेला नाही. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयापासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्याचे दोन भाग आहेत. वर्षभर निरीक्षण, तोंडीकाम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय यांतून होतं ते आकारिक. सत्राच्या शेवटी परीक्षेसारखं होतं ते संकलित. पहिली-दुसरीला आकारिकला ७० टक्के वजन आणि संकलितला ३०. तिसरी-चौथीला ६० आणि ४०. पाचवी-सहावीला निम्मं निम्मं. सातवी-आठवीला ४० आणि ६०. श्रेणी अ-१ पासून इ-२ पर्यंत जातात. ३३ ते ४० टक्क्यांना 'ड' मिळतो, त्याखाली इ-१ आणि इ-२.

सहावीतल्या मुलाला गणितात इ-१ मिळाला तरी तो सातवीत जातो. याला लोक 'ढकलपास' म्हणतात. पण त्या श्रेणीसोबत शाळेवर एक जबाबदारी येते. त्या मुलाला पूरक मार्गदर्शन करून त्याची कमतरता भरून काढायची असते. व्यवहारात पहिला अर्धा भाग, वर पाठवण्याचा, काटेकोर पाळला जातो. दुसऱ्याची कुणी चौकशी करत नाही. प्रगतिपुस्तकात 'इ' दिसला तर 'पास झाला ना?' एवढंच विचारून घरी जाऊ नका. जूनमध्ये त्याला जादा कोण शिकवणार, कधी आणि कुठून सुरुवात करणार, ते विचारा.

पाचवी-आठवीच्या वार्षिक परीक्षेत पास व्हायला किती गुण लागतात?

पाचवीत प्रत्येक विषय ५० गुणांचा, आठवीत ६० गुणांचा. तोंडी-प्रात्यक्षिकाचा छोटा भाग त्यातच येतो. पाचवीला तीन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास. आठवीला तीन भाषा, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रे. प्रत्येक विषयात ३५ टक्के हवेत, म्हणजे पाचवीत ५० पैकी १८ आणि आठवीत ६० पैकी २१. कला, कार्यानुभव, शारीरिक शिक्षण यांचं आकारिक मूल्यमापनच होतं. त्यात कुणी अडकत नाही.

ही बोर्डाची परीक्षा नव्हे. केंद्र बदलत नाही, बाहेरचा पर्यवेक्षक येत नाही, उत्तरपत्रिका आपल्याच शाळेत तपासली जाते. पाचवीच्या मुलाला 'बोर्ड आलं, बोर्ड आलं' म्हणून घाबरवणाऱ्या क्लासवाल्यांचा धंदा यावर चालतो, म्हणून हे मुद्दाम लिहिलं. शिष्यवृत्ती परीक्षेशीही हिचा काही संबंध नाही. शिष्यवृत्ती ऐच्छिक असते आणि तिच्या निकालाने कुणाचा वर्ग बदलत नाही.

दोन-चार गुण कमी पडले तर?

सवलतीचे गुण आहेत. एकूण जास्तीत जास्त १०, एका विषयाला जास्तीत जास्त ५, आणि ते फार तर तीन विषयांत वाटता येतात. पाचवीतल्या मुलीला गणितात १३ मिळाले तर ५ घालून १८ होतात आणि ती पास. १२ मिळाले तर नाही. तीन विषयांत अनुक्रमे १४, १५ आणि १५ असतील तर ४, ३ आणि ३ मिळून बरोबर १० होतात आणि तिन्ही सुटतात. चौथा विषयही कमी असेल तर सवलतीच्या गुणांनी सगळं सुटत नाही.

हे गुण मुख्याध्यापकांच्या मर्जीवर नाहीत. 'सर, जरा बघा ना' म्हणत जाण्याची गरज नाही. नियमात बसत असेल तर ते मिळालेच पाहिजेत.

मुलाला वर्षभर चांगल्या श्रेणी होत्या, वार्षिकला मात्र गणितात ९ गुण. वर्षभराचं काहीच धरत नाहीत?

पास-नापास ठरताना नाही. पहिल्या सत्रात पाचवी-आठवीलाही इतर वर्गांसारखंच आकारिक आणि संकलित मूल्यमापन होतं. पण निर्णय एप्रिलमधल्या वार्षिक परीक्षेवर होतो, आणि ती दुसऱ्या सत्राच्या अभ्यासक्रमावर असते. या पद्धतीतला मला सर्वांत खटकणारा भाग हाच. जून ते दिवाळी जे शिकलं, ते या एका निर्णयात मोजलंच जात नाही. ज्या मुलाची गाडी पहिल्या सत्रात नीट होती आणि दुसऱ्यात घरात आजारपण आलं, त्याचं सगळं त्या शेवटच्या पाच महिन्यांवर ठरतं.

असा मोठा फरक दिसला तर पुनर्परीक्षेआधी वर्गशिक्षकांना पहिल्या सत्राच्या नोंदी घेऊन बसायला सांगा. निकाल बदलणार नाही. पण मूल मुळातच कच्चं आहे की मधल्या काळात काही घडलंय, हे त्या नोंदींवरून कळतं. जादा शिकवायचं काय, ते त्यावर ठरतं.

हे सगळं एप्रिललाच कळतं का? शाळेला आधी अंदाज नसतो?

असतो. दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राची संकलित झालेली असते. कोण वाचताना अडतो, कुणाला हातच्याची वजाबाकी येत नाही, कोण आठवीत असून भागाकाराला बसतच नाही, हे वर्गशिक्षकांना तेव्हा नावानिशी माहीत असतं. सरकारी चाचण्यांचे गुणही शाळेकडे असतात. वर्षाच्या शेवटी धक्का बसतो तो पालकांना. शाळेत कुणाला बसत नाही.

म्हणून एप्रिलमधल्या भेटीपेक्षा नोव्हेंबरमधली भेट कामाची. त्या भेटीत 'कसा आहे अभ्यासात?' असं विचारू नका. त्याला 'बरा आहे, लक्ष द्या' एवढंच उत्तर मिळतं. असं विचारा: 'आज परीक्षा घेतली तर हा कोणत्या विषयात १८च्या खाली जाईल? तो विषय त्याला नेमक्या कोणत्या यत्तेपर्यंतचा येतो?' दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा अस्वस्थ करणारं असतं. पाचवीतल्या मुलाचं गणित तिसरीवर थांबलेलं असेल तर पाचवीचं गाइड पाठ करून घेण्यात काही अर्थ नाही. नोव्हेंबर ते एप्रिल रोज अर्धा तास तिसरीचं आणि चौथीचं गणित केलं तर त्यातली बरीच मुलं १८च्या पुढे जातात. हे शिकवण्यासाठी बी.एड. लागत नाही. घरातली बारावी शिकलेली आत्यासुद्धा करू शकते.

पुनर्परीक्षा कधी होते?

नवं शैक्षणिक वर्ष सुरू होण्याच्या सुमारास, जूनमध्ये. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेरीस उघडतात, त्यामुळे तिथे ती उशिरा. फक्त राहिलेल्या विषयांची होते.

अडचण मधल्या काळाची आहे. कायदा म्हणतो, या मुलांना जादा मार्गदर्शन द्या. पण मधला काळ म्हणजे मे महिना. शिक्षक सुट्टीवर, शाळेला कुलूप, मूल मामाच्या गावाला. काही शाळांतले शिक्षक स्वतःहून सकाळी दोन तास वर्ग घेतात. काही ठिकाणी अभ्यासाचे कागद देऊन पाठवतात. काही ठिकाणी काहीच होत नाही. निकाल हातात पडतो त्याच दिवशी विचारून घ्या: वर्ग कधी, कोण घेणार, आणि आम्ही गावाला गेलो तर काय?

पुनर्परीक्षेतही नापास झाला तर?

तो पाचवीत किंवा आठवीत त्याच वर्गात पुन्हा बसतो. शाळा त्याला काढू शकत नाही. फी भरणाऱ्या खासगी शाळेतही नाही.

शाळा म्हणते, 'दाखला घेऊन जा, पासचा शेरा मारून देतो.' घ्यावा का?

घेऊ नका. हा सौदा शाळेच्या सोयीचा असतो. विशेषतः आठवी आणि नववीच्या शेवटी तो पुढे येतो, कारण दहावीचा निकाल शंभर टक्के लावण्याची हौस अनेक शाळांना असते आणि कच्ची मुलं त्याआधीच वेगळी केली की काम सोपं होतं. पालकांना वाटतं, वर्ष वाचलं. प्रत्यक्षात मूल ओळखीचे शिक्षक, मित्र, येण्याजाण्याची सोय सगळं सोडून अशा शाळेत जातं, जिला त्याच्या कच्चेपणाची काहीच कल्पना नसते. तिथे पहिलं सत्र त्याला ओळखण्यातच जातं.

दाखला मागायचा हक्क पालकांचा आहे. मागा म्हणून दबाव आणायचा हक्क शाळेचा नाही. कुणी तोंडी असं सांगितलं तर 'हे मला लेखी द्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा विषय तिथेच संपतो.

आम्ही ऊसतोडीला जातो. मुलगा पाचवीत आहे. त्याचं काय होईल?

या नियमांत सर्वांत जास्त भरडली जातात ती हीच मुलं, म्हणून जरा सविस्तर.

बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून टोळ्या दिवाळीच्या सुमारास निघतात आणि पाडव्याच्या आगेमागे परत येतात. म्हणजे दुसरं सत्र जवळजवळ पूर्ण फडावर जातं. आणि वार्षिक परीक्षा नेमकी दुसऱ्या सत्राच्या अभ्यासक्रमावर. जून ते ऑक्टोबर रोज शाळेत आलेला मुलगा जे शिकला, ते मोजलं जात नाही, आणि तो नसताना जे शिकवलं, त्यावर प्रश्नपत्रिका येते. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे कोयत्यावर जाणारं घर नव्हतं, हे उघड आहे.

करता येण्यासारखं असं. पहिलं, शक्य असेल तर मुलाला गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या सोयीत ठेवा. स्थलांतर करणाऱ्या पालकांची मुलं गावातच राहून शिकावीत, याच्यासाठी ही योजना आहे. आजी-आजोबांकडे राहणाऱ्या मुलांनाही तिचा लाभ मिळतो. शाळा व्यवस्थापन समितीकडे दिवाळीआधी नाव द्या, नंतर यादी बंद होते. दुसरं, मुलगा बरोबर जाणारच असेल तर निघण्याआधी मुख्याध्यापकांकडून शिक्षण हमी पत्रक घ्या. त्याच्या आधारे कारखान्याजवळच्या शाळेत तो दाखल्याशिवाय बसू शकतो आणि परत आल्यावर त्याचं गावच्या शाळेतलं नाव अबाधित राहतं. तिसरं, परीक्षेच्या तारखा निघताना लिहून न्या. कारखान्याचा हंगाम लांबला आणि वार्षिक हुकली तर जूनमधली पुनर्परीक्षा त्याच्यासाठी आहे. टोळीच्या मुकादमापेक्षा वर्गशिक्षकांचा फोन नंबर जवळ असणं या बाबतीत जास्त उपयोगाचं.

शिक्षकांना एक विनंती. तुम्हाला कोणतं मूल जाणार ते ऑक्टोबरमध्येच माहीत असतं. दुसऱ्या सत्राचे भाषा-गणिताचे स्वाध्याय आधीच काढून त्याच्या पिशवीत दिले तर त्याला अगदीच अंधारात परीक्षा द्यावी लागत नाही.

नववीला कोणता नियम लागू होतो?

शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आठवीला संपतं. नववीत शाळेची परीक्षा, ३५ टक्क्यांची अट, आणि नापास झाला तर तोच वर्ग पुन्हा. पालक पाचवी-आठवीच्या नव्या नियमांची चिंता करत बसतात, पण खरी चाळणी कित्येक वर्षांपासून नववीतच लागते आहे. कारण पुढे दहावी आहे आणि दहावीच्या निकालावर शाळेची पाटी रंगते. आठ वर्षं 'काही नाही, वर पाठवा' म्हणणारी शाळा नववीत एकदम कडक होते.

नववीच्या पुनर्परीक्षेची सोय शाळेत आहे का, हे जूनमध्येच विचारा. असेल तर तिचे नियम लेखी मागा. नववीत नापास झालेल्या मुलाने शाळा सोडू नये, यासाठी घरच्यांनीच उभं राहावं लागतं. या वयात मुलगी नापास झाली की लग्नाची बोलणी सुरू होणं आणि मुलगा नापास झाला की गॅरेजवर जाणं, हे दोन्ही मी फार जवळून पाहिलंय.

दहावीत एक-दोन विषय राहिले तर वर्ष वाया जातं का?

नाही. २०१५ पासून पुरवणी परीक्षा निकालानंतर लगेच जुलैमध्ये होते. पूर्वी ती ऑक्टोबरमध्ये असायची आणि वर्ष हमखास जायचं. शिवाय एक किंवा दोन विषय राहिलेल्यांना एटीकेटीवर अकरावीत प्रवेश मिळतो. मात्र बारावीला बसण्याआधी ते विषय सुटले पाहिजेत. शाळा कायमची सुटली असेल तर फॉर्म नंबर १७ भरून बाहेरून बसता येतं, आणि मुक्त विद्यालय मंडळाचा मार्गही आहे.

नापास केल्याने मुलं सुधारतात का, तुमचं मत काय?

विचारलंत म्हणून सांगतो. दोन्ही बाजूंचे लोक मूर्ख नाहीत. २०१२ मध्ये नेमलेल्या गीता भुक्कल समितीने नापास न करण्याचं धोरण मागे घ्यावं असं सुचवलं. २०१६च्या सुब्रमणियन समितीने ते पाचवीपर्यंतच ठेवावं म्हटलं. त्यांचा आधार साधा होता. 'असर'सारख्या पाहण्यांत वर्षानुवर्षं दिसत होतं की पाचवीतल्या अनेक मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. पण त्यातून मुलांना नापास करायला हवं, हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला आजही कळत नाही. ज्या शाळेत पाच वर्षांत वाचता आलं नाही, त्याच शाळेत, त्याच शिक्षकांकडे, त्याच पद्धतीने सहावं वर्ष काढून ते कसं येणार? दुसऱ्या वर्षी काही वेगळं होणार असेल तरच मागे ठेवण्याला अर्थ आहे. वेगळं काही होणार नसेल तर मुलाच्या पदरात फक्त लाज पडते.

नापासाची भीती नसली की मुलं अभ्यास करत नाहीत, असंही म्हणतात. आठवीतल्या काहींच्या बाबतीत थोडं खरं असेल. पाचवीतलं दहा वर्षांचं मूल भीतीने भागाकार शिकत नाही.

आमचाच आग्रह आहे की मुलाने पहिली पुन्हा करावी. शाळा ऐकेल का?

पहिलीत मागे ठेवायला कायद्यात जागाच नाही, पालकांनी लिहून दिलं तरी. विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन नोंदीतही तो पुढच्या वर्गात जातो. त्यामुळे शाळा बहुधा नकार देईल आणि ते योग्य आहे.

हा विचार करायची वेळ पहिलीच्या आधी येते. महाराष्ट्रात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण असावी लागतात. म्हणजे डिसेंबरअखेरचं मूल जूनमध्ये साडेपाच वर्षांचं असतानाच पहिलीत बसतं आणि त्याच्या शेजारचं जानेवारीतलं मूल जवळपास वर्षभराने मोठं असतं. या वयात वर्षाचा फरक पेन्सिल धरण्यातही दिसतो. ऑक्टोबर ते डिसेंबर जन्म असलेलं मूल अजून कोवळं वाटत असेल तर बालवाडीतच एक वर्ष थांबा. तिथे कुणी नापास झालेलं नसतं. २५ टक्के राखीव जागांतून प्रवेश घ्यायचा असेल तर तिथे वयाची वरची मर्यादाही असते, ती आधी तपासा.

मुलगी फार हुशार आहे. तिसरीतून थेट पाचवीत पाठवता येईल?

आजोबांच्या पिढीत हेडमास्तर वाचून घेत, चार गणितं घालत आणि 'बसव रे हिला वरच्या यत्तेत' म्हणत. दोन यत्ता एकदम केलेली माणसं तुमच्याही नात्यात असतील. आज अशी उडी देण्याची सोपी वाट नाही. कायद्याचा सगळा भर वयानुरूप वर्गावर आहे. कलम ४ वयाप्रमाणे प्रवेश द्या म्हणतं, पण ते शाळेबाहेर राहिलेल्या मुलांसाठी आहे. हुशारीसाठी वर्ग गाळण्याची वेगळी तरतूद त्यात नाही. राज्याच्या २०२३च्या नियमांनी तर सहावी ते आठवीत वयानुरूप प्रवेशासाठीही पाचवीची परीक्षा पास होण्याची अट घातली. आणि ऑनलाइन नोंदीत मूल एकेक वर्गानेच पुढे सरकतं.

पालकांचा एक हिशोब मात्र करून बघण्यासारखा आहे. वर्ष वाचवून पुढे काय? वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट'साठी प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत १७ वर्षं पूर्ण लागतात. वर्गातल्या सर्वांत लहान मुलीने एक वर्ग गाळला तर ती या अटीत जेमतेम बसते, दोन गाळले तर थांबावंच लागतं. शिवाय अकरा वर्षांची मुलगी तेरा वर्षांच्या मुलींच्या वर्गात मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खाते, हाही प्रश्न आहेच.

वर्ग न गाळता वेग वाढवता येतो. शिक्षकांना विचारा, तिला गणिताच्या तासाला वरच्या वर्गात बसू देता का? जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत हे आपोआप घडतं. एकाच खोलीत दुसरी आणि चौथी बसलेल्या असतात, आणि दुसरीतली चुणचुणीत पोर चौथीचे पाढे आधी म्हणून दाखवते. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी १९६२ पासून हुशार मुलांसाठी काम करते. तिथे मूल यत्ता ओलांडत नाही, त्याला जास्त खोल आणि जास्त रुंद काम दिलं जातं. सहावी आणि नववीसाठीची होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा मुंबईच्या विज्ञान शिक्षकांच्या मंडळाची आहे. शहरात नसाल तर तालुक्याच्या वाचनालयाचं वर्गणीपत्रही वाईट नाही.

मुलाला अध्ययन अक्षमता आहे. त्यालाही हेच नियम?

परीक्षा आहे, पण सवलतींसह. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यात येते. जादा वेळ, लेखनिक, विषयातली सूट असं बरंच मिळू शकतं. मात्र प्रमाणपत्र हातात हवं आणि सरकारी रुग्णालयातल्या तारखा लांबच्या मिळतात. आठवीच्या मार्चमध्ये धावपळ करण्यापेक्षा चौथीतच तपासणी करून घ्या. मूल वारंवार 'इ' श्रेणीत येत असेल आणि तोंडी मात्र सगळं सांगत असेल, तर आळशी म्हणण्याआधी हे तपासा.

आमची शाळा केंद्रीय विद्यालय, सीबीएसई किंवा अल्पसंख्याक संस्थेची आहे. तिथे?

केंद्रीय विद्यालयं, नवोदय, सैनिकी शाळा यांच्यासाठी केंद्राने १६ डिसेंबर २०२४ रोजी नियम बदलले. तिथेही पाचवी-आठवीची परीक्षा, दोन महिन्यांत पुनर्परीक्षा आणि नंतर त्याच वर्गात. त्या नियमांतली एक गोष्ट मला आवडते. मागे राहिलेल्या मुलांची यादी ठेवून मुख्याध्यापकांनी स्वतः पाठपुरावा करायचा, आणि परीक्षा पाठांतरावर घ्यायची नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. अल्पसंख्याक संस्थांना शिक्षण हक्क कायदा लागू नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१४चा प्रमती खटल्यातला निकाल आहे. म्हणून तिथे आणि इतर मंडळांच्या खासगी शाळांत जूनमध्येच वर्गोन्नतीचा नियम लेखी मागून घ्या.

परदेशातून परत आलोय. मुलाला कोणत्या वर्गात घेतील?

प्राथमिक वयात वयाप्रमाणे. शाळा प्रवेशासाठी त्याची निवड चाचणी घेऊ शकत नाही. मराठी आणि हिंदी येत नसेल तर त्यासाठी एक वर्ष मागे बसवण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नका. भाषा मुलं वर्गात बसून शिकतात, आणि त्याचं गणित बहुतेक वेळा वर्गाच्या बरोबरीचं असतं. सहावी ते आठवीत यायचं असेल तर मात्र पाचवीच्या परीक्षेची अट कशी लावणार, हे शाळेला आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांना आधीच विचारा.

शाळेचा निर्णय मान्य नाही. कुठे जायचं?

आधी मुख्याध्यापकांकडे उत्तरपत्रिका बघायला मागा. बेरीज चुकलेली असणं, सवलतीचे गुण द्यायचे राहिलेले असणं, हे तिथेच सुटतं. सरकारी आणि अनुदानित शाळेत शाळा व्यवस्थापन समिती असते. तिच्यात तीन चतुर्थांश पालकच असतात, तेव्हा अर्ज तिथेही द्या. त्यानंतर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेतले शिक्षणाधिकारी. महापालिका क्षेत्रात महापालिकेचं शिक्षण खातं. कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे केलेल्या लेखी तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय द्यावा लागतो, आणि त्यावर बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे.

तीन महिने म्हणजे जूनची तक्रार सप्टेंबरात सुटणार. तोवर मुलाला घरी बसवू नका. ज्या वर्गात शाळा बसवते आहे तिथे बसू द्या, त्यामुळे तक्रार मागे घेतल्यासारखं होत नाही. प्रत्येक अर्जाची दुसरी प्रत काढून तिच्यावर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या. तोंडी बोलण्याची नोंद कार्यालयात कुठेच राहत नाही.